फुप्फुसीय अतिरक्तदाब आणि ऑक्सिडीभवनरोधक द्रव्यांची परीक्षा

दंडातील रोहिणीचा रक्तदाब बाहेरून पट्टा बांधून मोजता येतो. फुप्फुस-रोहिणीतील दाब निश्चितपणे मोजावयाचा असेल, तर नीलेतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या भागात व तेथून पुढे त्या रोहिणीत न्यावी लागते. व्हेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये अशी नळी स्वतःच्याच दंडाच्या नीलेतून हृदयापर्यंत नेली. पुढे आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी या पद्धतीला मापनशास्त्राचे रूप दिले. या कार्याबद्दल तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फुप्फुसीय अतिरक्तदाबाचे आजचे सर्व ज्ञान या नळीच्या आधारावर उभे आहे.

निरोगी मनुष्य विश्रांती घेत असता फुप्फुस-रोहिणीतील सरासरी दाब सु. १४ मि.मी. पारा असतो. पूर्वी २५ किंवा त्याहून अधिक दाब हा रोग मानीत. २०१८ मध्ये ही मर्यादा २० च्या वर अशी खाली आणण्याची सूचना झाली आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने ती स्वीकारली. हा दाब हृदयाच्या डाव्या बाजूच्या विकाराने, फुप्फुसांच्या दीर्घकालीन रोगाने किंवा रक्ताच्या गुठळ्यांनीही वाढतो. ज्या प्रकारात मूळ दोष फुप्फुसांतील सूक्ष्म रोहिण्यांचाच असतो, तो सर्वांत दुर्धर होय. या रोहिण्यांच्या भिंती जाड होतात, मार्ग आक्रसतो आणि फुप्फुसांकडे रक्त धाडणाऱ्या उजव्या जवनिकेवर तिला न झेपणारा भार पडतो. अशा रोग्याचा अंत बहुधा या जवनिकेची शक्ती संपल्यामुळे होतो. प्रचलित औषधांपैकी बहुतेक रोहिण्यांचे आकुंचन सैल करणारी आहेत; जाड झालेली भिंत पूर्ववत करणे त्यांना क्वचितच साधते. म्हणून भिंत जाड होण्याच्या प्रक्रियेवरच आघात करणाऱ्या द्रव्यांचा शोध चालू आहे, आणि त्यांत ऑक्सिडीभवनरोधक द्रव्यांचा विचार आग्रहाने पुढे आला.

या विचारामागील रसायनशास्त्र भक्कम आहे. रोहिणीच्या अंतःस्तरातून पाझरणारा नायट्रिक ऑक्साइड वायू तिच्या स्नायूंना सैल ठेवतो. ऑक्सिजनपासून निर्माण होणारा सुपरऑक्साइड हा क्रियाशील मूलक त्याच्याशी अत्यंत वेगाने संयोग पावतो. त्यामुळे उपयुक्त वायू नष्ट होतो आणि परॉक्सिनायट्राइट हे अपायकारक द्रव्य तयार होते. सुपरऑक्साइड नाहीसा करणारे सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज हे एंझाइम जो मॅककॉर्ड व आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. हे एंझाइम जवळजवळ नायट्रिक ऑक्साइडाच्या तोडीच्या वेगाने सुपरऑक्साइडाला गाठते. क जीवनसत्त्वाची सुपरऑक्साइडाशी होणारी प्रक्रिया मात्र याहून हजारो पटींनी मंद आहे. तेव्हा पोटात घेतलेल्या क जीवनसत्त्वाने रोहिणीच्या भिंतीतील नायट्रिक ऑक्साइड वाचेल, अशी अपेक्षा करण्यास रसायनशास्त्राचा आधार फारसा मिळत नाही. ‘ऑक्सिडीभवनरोधक’ या एका नावाखाली अतिशय भिन्न गुणांची द्रव्ये मोडतात, हे येथेच स्पष्ट होते.

उंदरांवरील प्रयोग

प्रयोगशाळेत हा रोग निर्माण करण्याची एक रूढ रीत वनस्पतिविषाची आहे. तागाच्याच प्रजातीतील क्रोटॅलारिया स्पेक्टॅबिलिस या वनस्पतीच्या बियांत मोनोक्रोटॅलीन हे अल्कलॉइड असते. उंदराच्या वजनाच्या दर किलोग्रॅमला ६० मि.ग्रॅ. या प्रमाणात ते एकदाच टोचले असता तीन ते चार आठवड्यांत फुप्फुस-रोहिण्यांच्या भिंती जाड होतात व उजवी जवनिका वाढते. अशा उंदरांना विष टोचल्याच्या दिवसापासून एखादे ऑक्सिडीभवनरोधक द्रव्य दिले आणि दाब वाढला नाही, तर ते औषध गुणकारी ठरले असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु मोनोक्रोटॅलीन स्वतः फारसे विषारी नसते. यकृतातील एंझाइमे त्याचे पायरोल स्वरूपात रूपांतर करतात व ते स्वरूप रक्तावाटे फुप्फुसांत जाऊन तेथील अंतःस्तराला इजा करते. ग्लुटाथायोन या द्रव्याशी संयोग झाला, की या पायरोलाची तीव्रता कमी होते. ॲसिटिलसिस्टीन हे सुपरिचित ऑक्सिडीभवनरोधक द्रव्य शरीरातील ग्लुटाथायोन वाढविणारेच आहे. ते पहिल्या दिवसापासून दिले असता रोग टळला, तर रोगावर उपचार झाला की विषाचाच निचरा झाला, हे त्या प्रयोगावरून ठरविता येत नाही. दवाखान्यात येणाऱ्या रोग्याचा रोग तर आधीच मूळ धरून बसलेला असतो. म्हणून रोग पूर्णपणे प्रस्थापित झाल्यावर, निदान दोनतीन आठवड्यांनंतर, औषध सुरू करणारा प्रयोगच उपचाराचा प्रयोग म्हणविण्यास पात्र ठरतो. आधीचा प्रयोग हा प्रतिबंधाचा होय.

दुसऱ्या रीतीत उंदरांना सु. १० टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेत काही आठवडे ठेवतात. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुस-रोहिण्या आकुंचन पावतात, हे फोन ऑयलर व लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरांवरील प्रयोगांत दाखविले होते. येथे अडचण वेगळी आहे. ऑक्सिजन कमी झाल्यावर कोशिकांतील क्रियाशील मूलके घटतात, असे एडवर्ड वियर व स्टीफन आर्चर यांचे प्रतिपादन आहे. पॉल शुमाकर यांच्या मते ती वाढतात. शिवाय हायड्रोजन परॉक्साइडासारखी द्रव्ये अल्प प्रमाणात कोशिकांतर्गत संदेशवहनाचे आवश्यक कार्यही करतात. अशा स्थितीत औषधाने ऑक्सिडीभवन खरोखर घटले काय, आणि घटले ते नेमके कोठे, याचे प्रत्यक्ष मापन नसेल, तर प्रयोगाचा निष्कर्ष अधांतरी राहतो.

या दृष्टीने कोकरांवरील प्रयोग उद्‌बोधक आहेत. गर्भावस्थेत फुप्फुस-रोहिणी व महारोहिणी यांना जोडणारी वाहिनी जन्मापूर्वीच बांधली असता कोकरू फुप्फुसीय अतिरक्तदाब घेऊनच जन्माला येते. रॉबिन स्टाइनहॉर्न व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा कोकरांच्या श्वासनलिकेत सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज सोडले, तेव्हा श्वासावाटे दिलेल्या नायट्रिक ऑक्साइडाचा परिणाम वाढला. येथे रोग आधी होता, औषध फुप्फुसातच पोचविले गेले आणि त्याचा रासायनिक हेतूही नेमका होता. तथापि हा परिणाम अल्पकालीन शैथिल्याचा आहे; प्रौढाची वर्षानुवर्षे जाड होत गेलेली रोहिणी त्याने सुधारेल, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

दाब की रोध?

यशाचे माप कोणते घ्यावे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. समजा, एका रोग्याच्या फुप्फुस-रोहिणीतील सरासरी दाब ५० मि.मी., डाव्या बाजूकडील दाब १० मि.मी. आणि हृदयातून मिनिटास वाहणारे रक्त ४ लिटर आहे. दोन दाबांतील अंतराला प्रवाहाने भागले असता रोध १० एकके येतो. काही महिन्यांनी दाब ४० मि.मी. भरला, परंतु प्रवाहही ३ लिटरवर आला. ३० ला ३ ने भागल्यास रोध पुन्हा १० एककेच येतो. दाब उतरला, पण रोहिण्या सुधारल्या नाहीत. उजवी जवनिका थकली, एवढाच त्याचा अर्थ. केवळ दाबाचा आकडा पाहणारा प्रयोगकर्ता या अधोगतीलाच औषधाचे यश मानील. उंदरांच्या बाबतीतही दाबाबरोबर प्रवाह मोजणे आणि उजव्या जवनिकेचे वजन डावी जवनिका व मधला पडदा यांच्या एकत्रित वजनाशी ताडून पाहणे यासाठीच अगत्याचे असते.

मानवी चाचण्या

मानवी चाचण्यांचा अनुभव सावधगिरी शिकविणारा आहे. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपी पुरुषांवरील चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग सु. १८ टक्क्यांनी अधिक आढळला. हा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग निराळा असला, तरी ‘लाभ नसला तरी अपाय नाही’ ही समजूत त्याने खोटी ठरविली. शरीराची स्वतःची ऑक्सिडीभवनरोधक एंझाइमे वाढविणारे बार्डोक्सोलोन हे औषध मूत्रपिंडाच्या रोगावर योजिले असता हृदयक्रिया मंदावण्याचे प्रसंग वाढले, म्हणून ती चाचणी २०१२ मध्ये बंद करावी लागली. पुढे संयोजी ऊतकांच्या रोगांतून उद्‌भवणाऱ्या फुप्फुसीय अतिरक्तदाबावर त्याचीच मोठी चाचणी सुरू झाली. ती २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे मध्येच थांबली. आजवर एकही ऑक्सिडीभवनरोधक द्रव्य या रोगावरील मान्य उपचार ठरलेले नाही.

यावरून मूळ कल्पनाच त्याज्य ठरते असे नव्हे. कल्पनेची परीक्षा मात्र पुष्कळदा अपुरी झाली आहे. द्रव्य सुपरऑक्साइडाला पुरेशा वेगाने गाठते काय, ते रोहिणीच्या भिंतीत पोचते काय, रोग जडल्यानंतर दिले काय, आणि दाबाबरोबर प्रवाह व जवनिकेची शक्ती मोजली काय, या चार प्रश्नांची उत्तरे प्रयोगाच्या आराखड्यातच असली पाहिजेत. कोणत्या प्राण्याला औषध दिले, हे मापन करणाऱ्यास ठाऊक नसणे हेही तितकेच आवश्यक होय. प्रतिबंधाच्या प्रयोगावरून उपचाराची आशा दिली गेली, तर तिची किंमत अखेर रोग्याला मोजावी लागते. आणि ज्याची उजवी जवनिका थकत चालली आहे, त्याच्यापाशी वाट पाहण्यास फार वेळ नसतो.