रेडिओ बंद केल्यानंतर

१९ एप्रिल १९५६, गुरुवार, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून त्या दिवशी गीतरामायणातलं शेवटचं, छप्पन्नावं गाणं प्रसारित झालं. वर्षभर चाललेल्या त्या मालिकेच्या आठवणी मराठी घरांत अजून निघतात. कुणी रेडिओला हार घातला, कुणी उदबत्ती लावली, ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते शेजारच्यांच्या ओसरीवर येऊन बसले. गदिमा, बाबूजी, सीताकांत लाड ही नावं आपल्याला तोंडपाठ. पण त्याच केंद्रावरून, त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला, दर गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी साडेसहाला आणखी एक कार्यक्रम लागत असे. त्याला कुणी हार घातल्याचं ऐकिवात नाही. संज्ञापनाच्या जगभरच्या पाठ्यपुस्तकांत मात्र पुण्याचं नाव गेलं ते या दुसऱ्या कार्यक्रमामुळे.

हा प्रयोग होता ‘रेडिओ फार्म फोरम’चा. मूळ कल्पना कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट एखाद्या घरी जमत, आधी पाठवलेलं टिपण वाचत, रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर बोलत. त्यांचं ब्रीद होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. युनेस्कोला ही रीत दुसऱ्या देशांत चालते का ते पाहायचं होतं. आकाशवाणीने पुणे केंद्र निवडलं. आपल्याकडे आल्यावर ब्रीदातलं ‘वाचा’ गळलं. ज्या गावात निम्म्याहून जास्त माणसं अंगठा उठवतात तिथे टिपण पाठवून काय करणार?

तेव्हाच्या मुंबई राज्यातले मराठी मुलखातले पाच जिल्हे घेतले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे दीडशे गावं. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ, त्यांचा एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. फेब्रुवारी ते एप्रिल, दहा आठवडे, एकूण २० कार्यक्रम. अर्धा तास ऐकायचं, मग रेडिओ बंद करायचा आणि बोलायला बसायचं. काय ठरलं, काय अडलं, कुठला प्रश्न विचारायचा आहे, हे चिटणिसाने लिहून केंद्राकडे पाठवायचं आणि त्याची उत्तरं पुढच्या एखाद्या कार्यक्रमात द्यायची. सगळी मेख या शेवटच्या कलमात आहे. रेडिओ हे एकाच दिशेने वाहणारं यंत्र; त्याला टपालाच्या पाकिटाने उलटा प्रवाह जोडला होता.

यंत्राची बाजूही पाहायला हवी, कारण साहित्यिक मंडळी ती नेहमी गाळतात. ट्रान्झिस्टर अजून गावात पोचला नव्हता. बहुतेक खेड्यांत वीज नव्हती, म्हणून सार्वजनिक रेडिओ म्हणजे चावडीत ठेवलेला, बॅटरीवर चालणारा व्हॉल्व्हचा संच. बॅटरी उतरली की बदली येईपर्यंत गाव मुकं. प्रसारण मध्यमलहरींवर. या लहरी जमिनीला धरून जातात, डोंगराला फारशा जुमानत नाहीत. मी ठाण्याच्या वर्तकनगरात राहतो. पाठीशी येऊरचा डोंगर, आणि डोंगरापल्याड, खाडीच्या बाजूला मालवणीचे आकाशवाणीचे मनोरे. ५५८ किलोहर्ट्‌झच्या लहरीची लांबी पाचशे मीटरहून जास्त असते. ती येऊर चढून सहज इकडे उतरते. मोबाइलची वीतभर लहर मात्र आमच्या जिन्यातसुद्धा अडखळते.

आणखी एक तांत्रिक गंमत. दिवसा साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा वातावरणाचा थर वर जाणाऱ्या मध्यमलहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, वर गेलेल्या लहरी अधिक उंचीवरून परततात आणि लांबची केंद्रं एकमेकांत मिसळू लागतात. पुण्याचा कार्यक्रम साडेसहा ते सात, म्हणजे ऐन तिन्हीसांजेचा. वेळ अर्थातच भौतिकशास्त्र पाहून ठरवलेली नसणार. गुरं बांधून, हातपाय धुऊन माणूस मोकळा कधी होतो ते पाहून ठरवली असणार. एप्रिलात वळवाच्या ढगांत वीज चमकली की संचातून कडकड येते ती वेगळीच.

या खरखरीचं गणित मांडणारा माणूस अमेरिकेत होता. बेल लॅबोरेटरीतल्या क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचा सिद्धान्त मांडला आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की संदेशाचा अर्थ काय, हा अभियंत्याचा प्रश्न नाही. इकडून निघालेलं तिकडे जसंच्या तसं पोचलं का, एवढंच त्याने पाहायचं. तारायंत्रापासून आजच्या मोबाइलपर्यंतचं सगळं संदेशवहन या गणितात बसतं. पोचल्यावर माणसाने त्याचं काय केलं, हा राहिलेला अर्धा प्रश्न समाजशास्त्रज्ञांच्या वाट्याला आला.

पुण्याच्या प्रयोगात तो अर्धा प्रश्न पॉल न्यूराथ यांच्याकडे होता. हे व्हिएन्नाचे. वडील ऑटो न्यूराथ नामांकित तत्त्वज्ञ. आकडेवारी चित्रांतून सांगायची ‘आयसोटाइप’ पद्धत त्यांची. मुलाला नाझींनी १९३८ मध्ये पकडलं. डाखाउ आणि बुखेनवाल्ड या दोन्ही छळछावण्यांत राहून तो सुटला, स्वीडनमार्गे अमेरिकेत पोचला आणि कोलंबिया विद्यापीठात त्याने त्या छावण्यांच्याच समाजशास्त्रावर प्रबंध लिहिला. तिथे पॉल लाझार्सफेल्ड होते, तेही व्हिएन्नाचेच. लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतल्या एका काउंटीतल्या मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटून विचारलं होतं: मत कशामुळे ठरलं? रेडिओमुळे, की वर्तमानपत्रामुळे? उत्तर अनपेक्षित निघालं. माणसं बहुतेक वेळा दुसऱ्या माणसांमुळे ठरवतात. रेडिओ त्या दुसऱ्या माणसाने ऐकलेला असतो.

न्यूराथ त्या सुमारास मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत अभ्यागत प्राध्यापक म्हणून आले होते. संस्था नुकतीच देवनारला गेली होती. मूल्यमापनाचं काम संस्थेकडे आलं आणि न्यूराथ यांनी त्याची आखणी केली. फोरमच्या गावांतली वीस निवडली. तुलनेला अशी गावं घेतली, जिथे फोरम नाही: काहींत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. कार्यक्रम सुरू होण्याआधी गावकऱ्यांना शेती, जनावरं, आरोग्य यांविषयी प्रश्न विचारले. संपल्यावर पुन्हा विचारले. मधल्या काळात निरीक्षक बैठकांना जाऊन बसले आणि कोण बोलतं, कोण गप्प बसतं, वाद कुठे वळतो ते टिपत राहिले.

निकाल असा: फोरमच्या गावांत माहिती चांगलीच वाढली. फोरम नसलेल्या गावांत जेमतेम. नुसता रेडिओ असलेल्या गावांत थोडीशी भर पडली खरी, पण फोरमच्या गावांपुढे ती फारच अपुरी. म्हणजे तोच आवाज, तोच संच, तीच मराठी. फरक पडला तो संच बंद केल्यानंतर काय झालं त्यावर. आणि नुसती माहितीच वाढली असंही नाही. काही मंडळांनी विहिरी खणल्या, जातिवंत वळू आणले, लेगहॉर्न कोंबड्या घेतल्या, बालवाड्या आणि विक्री संस्था काढल्या. न्यूराथ यांना दिसलं की फोरम म्हणजे पंचायत आणि खुली गावसभा यांच्या मधलंच काहीतरी होऊन बसतं, आणि कामं निवडून आलेल्या पंचायतीपेक्षा भराभर होतात.

हे सगळं आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि न्यूराथ यांच्या नावाने युनेस्कोने १९५९ मध्ये पुस्तकरूपाने छापलं. माथुर म्हणजे हिंदीत ‘कोणार्क’ लिहिणारे नाटककार. माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर. सिनेसंगीताला आकाशवाणीचं दार लावून घेतलं म्हणून त्यांना अजून नावं ठेवली जातात. त्यांच्याच कारकिर्दीत हाही प्रयोग झाला, हे त्यांच्या खात्यावर कुणी मांडत नाही.

मला या प्रयोगाविषयी एक शंका आहे. दहा आठवडे ही काही फार मोठी मुदत नव्हे. गावात संघटक येतात, पाहुणे येऊन वहीत लिहून घेतात, पुण्याहून आपल्या पत्राला रेडिओवर उत्तर येतं, तर कुठलं गाव उत्साहाने बसणार नाही? लक्ष दिलं की माणूस बदलतो, हे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या अभ्यासापासून बोललं जातं. (तो कारखाना टेलिफोनची सामग्री बनवणारा होता, हा योगायोगच.) पण ही शंका खरी धरली, तरी ती न्यूराथ यांच्याच बाजूने जाते. लक्ष देणारी माणसं हाच त्या योजनेचा मुख्य भाग होता.

१९५९ पासून फोरम देशभर नेण्याचं ठरलं. आकडे वाढले, मंडळं हजारांनी मोजली जाऊ लागली. पुढे योजना विझली. मला वाटतं, विझण्याचं बीज विस्तारातच होतं. मंडळ कागदावर उभं करता येतं. दर आठवड्याला त्याच्या पत्राला उत्तर देणारा माणूस कागदावर उभा करता येत नाही. त्यातच ट्रान्झिस्टर आला. बांधावर, सायकलच्या दांडीला, गोठ्यात ज्याचा त्याचा रेडिओ वाजू लागला. ऐकणारे कितीतरी वाढले. एकत्र बसून ऐकायची गरज संपली, आणि बंद केल्यानंतरचं बोलणंही तिच्याबरोबर गेलं.

पुणे जिल्ह्याचा या विद्येशी संबंध तिथे तुटला नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. तिथून जवळच खोडदला आणि आसपासच्या परिसरात गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. माणसांच्या रेडिओचा गोंगाट कमी असलेली जागा त्यांना हवी होती. १ ऑगस्ट १९७५ ला सुरू झालेल्या ‘साइट’ प्रयोगात नासाच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांना दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण कार्यक्रमाचे व्यवस्थापक एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे. त्या वेळीही मानववंशशास्त्रज्ञ गावांत जाऊन राहिले. पुण्याचा प्रश्न तोच, फक्त लहर वरून येत होती.

अलीकडे हा प्रश्न मला आमच्याच भागात रोज दिसतो. वर्तकनगर ही म्हाडाची जुनी वसाहत. इमारतींचा पुनर्विकास हा इथला सार्वकालिक विषय. प्रत्येक सोसायटीचा व्हॉट्सॲप गट आहे. त्यावर विकसकाचा प्रस्ताव पीडीएफमध्ये येतो, खाली अंगठे आणि हात जोडलेली चित्रं येतात, मग सुप्रभात. सगळ्यांना सगळं ‘पोचलेलं’ असतं. शॅननच्या हिशेबाने काम फत्ते.

मग एका रविवारी संध्याकाळी गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा होते. एका ओळखीच्या सोसायटीच्या अशाच सभेत मी मागे बसलो होतो. सचिवांनी प्रोजेक्टरवर तोच प्रस्ताव दाखवला आणि प्रोजेक्टर बंद केला. क्षणभर शांतता. मग तिसऱ्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, “अहो, हे कार्पेट म्हणजे बाल्कनी धरून की सोडून?” कुणालाच माहीत नव्हतं. आठवडाभर ती पीडीएफ सगळ्यांच्या खिशात होती. पाठोपाठ प्रश्नांची रांग लागली. भाडं किती महिन्यांचं आगाऊ, कॉर्पस कधी, तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याचं काय. विकसकाकडे लेखी विचारायचे मुद्दे आजींच्या शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीने वहीत उतरवून घेतले. न्यूराथ यांच्या निरीक्षकाला टिपायला भरपूर मिळालं असतं: गटावर सर्वांत जास्त लिहिणारे दोघे गृहस्थ सभेत अवाक्षर बोलले नाहीत, आणि आजींकडे स्मार्टफोनच नाही.

सरकारी नियमही नकळत याच बाजूचे आहेत. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या निर्देशांनुसार पुनर्विकासाचा निर्णय विशेष सर्वसाधारण सभेत घ्यावा लागतो, आणि त्या सभेचं चित्रीकरण करावं लागतं. ठाण्यातल्या निबंधकांच्या कार्यालयात या चित्रफिती कायदेशीर पुरावा म्हणून जमा होतात. संज्ञापनाच्या एखाद्या विद्यार्थ्याने सोसायट्यांची रीतसर परवानगी घेऊन त्यातल्या थोड्या जरी पाहिल्या, आणि प्रोजेक्टर बंद झाल्यावर पहिला प्रश्न कोण विचारतं एवढंच मोजलं, तर त्याला प्रबंधाचा विषय शोधत देवनारच्या ग्रंथालयात फार दिवस बसावं लागणार नाही.