दुसरी गाठ कुठून आली?

यकृताच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना फुप्फुसात गाठ दिसली, की घरच्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘पसरला!’ बहुतेकदा ते खरंच असतं. पण दर वेळी नाही.

कधी कधी ती गाठ तिथेच, स्वतंत्रपणे उगवलेली असते. एकाच वावरात दोन निराळी तणं उगवावीत तशी. दोन्हींमागचं कारण मात्र एकच असू शकतं. तंबाखू आणि दारू यकृताबरोबरच तोंड आणि अन्ननलिकेतल्या पेशींच्या डीएनएलाही इजा करतात. हेपटायटिस सीचा विषाणू यकृत पोखरतो, शिवाय लिम्फोमाचा, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरचा, धोकाही वाढवतो.

मग ओळखायचं कसं? गाठीचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यकृतातून आलेली पेशी फुप्फुसात जाऊनही आपलं मूळ सहसा सोडत नाही. क्वचित ती तिथेही पित्त तयार करते आणि त्याचे हिरवट ठिपके काचपट्टीवर दिसतात!

ही तपासणी टाळू नये, असं मला कळकळीनं वाटतं. स्वतंत्र गाठ लवकर सापडली तर ती काढून टाकणंही शक्य असतं. मात्र शस्त्रक्रिया असो वा औषधं, आधीच थकलेल्या यकृताला कितपत झेपेल, हे डॉक्टरांना आधी पाहावं लागतं.