टेन्स यंत्र निवडताना

त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून सौम्य विद्युतस्पंद सोडणाऱ्या टेन्स यंत्रामागे मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला द्वार-नियंत्रण सिद्धान्त, म्हणजे स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात हा विचार, आहे. प्रसूतीच्या कळांसाठी बनवलेल्या टेन्स यंत्रात दोन वाहिन्या व चार पट्ट्या असतात. पट्ट्यांची एक जोडी कण्याच्या दोन्ही बाजूंना ब्रेसियरच्या पट्ट्याच्या रेषेत, तर दुसरी कमरेखाली लावतात. कळ येताच जोर वाढवणारे ‘बूस्ट’ बटण त्यात हवेच, कारण घामेजल्या बोटांनी बारीक चकती फिरवणे त्या वेळी जमत नाही; पाठदुखीच्या साध्या यंत्रात ते सहसा नसते. मात्र ब्रिटनची ‘नाइस’ ही उपचारांबाबत मार्गदर्शन करणारी संस्था नियमित कळा सुरू झाल्यावर किंवा कंबरदुखीवर टेन्स देऊ नये असे सांगते. पेसमेकर असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना आणि कोणीही पाण्यात ते वापरू नये.