गोष्टीतलं गणित – ७ : डाव्याचं उजवं

मागच्या आठवड्यात आपण एडविन ॲबटच्या ‘फ्लॅटलँड’मध्ये (१८८४) होतो, जाडी नसलेल्या सपाट जगात. आज त्याच जगातून एक पाऊल पुढे.

डावा तळवा कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखा आणि कापून घ्या. टेबलावर तो कितीही सरकवा, गरगर फिरवा, उजवा काही होत नाही. उचलून पालथा टाकला की झालाच! टेबल हेच ज्याचं जग, त्याला हा चमत्कार वाटेल, कारण उचलायला लागणारी तिसरी मिती त्याच्याकडे नाही. मग आपल्या हाडामांसाच्या डाव्या हाताचा उजवा करायचा, तर त्याच न्यायानं चौथी मिती हवी. जर्मन गणितज्ञ मोबियसनं हे १८२७ मध्येच लिहिलं, आणि अशा अवकाशाची कल्पनाच करता येत नाही म्हणून विषय तिथेच सोडून दिला.

कथालेखकांना असली अडचण येत नाही. १८९६ मध्ये एच. जी. वेल्सनं प्लॅटनर नावाच्या मास्तरला हिरव्या भुकटीच्या स्फोटात नऊ दिवस गायब केलं. परत आला तेव्हा त्याचं हृदय उजवीकडे! कथा मजेदार आहे, पण भुकटीनं नेमकं काय केलं, ते वेल्स सांगत नाही.

जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये मात्र त्यासाठी गणिताचा आधार आहे: मोबियसची पट्टी. तीही करून बघा. पारदर्शक प्लॅस्टिकची लांब पट्टी घ्या, अर्धा पीळ द्या, टोकं चिकटवा. आता तिच्यावर छोटे डावे पंजे काढत चला, एकापुढे एक, सगळे डावेच. फेरी पुरी होऊन पहिल्या पंजाशेजारी पोचलात की शेवटचा पंजा त्याच्याशेजारी उजवा दिसेल. मध्ये कुठेही काही उलटवलेलं नाही. उलटापालट त्या वाटेतच आहे. (कागद नको, कारण गणितातल्या पट्टीला जाडी नसते, चित्र आरपार दिसायला हवं.) शिवाय नारळीकरांनी निवडलेली वस्तू बघा. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक असतं हे ठाऊक असलेल्या वाचकाला डाव्या-उजव्यातला फरक वेगळा समजावावा लागत नाही.

माझं मत विचाराल, तर यातला सर्वांत खोचक प्रश्न आर्थर क्लार्कनं ‘टेक्निकल एरर’मध्ये विचारला: असा उलटलेला माणूस जेवणार काय? आपल्या शरीरातली प्रथिनं ‘डाव्या’ घडणीच्या अमिनो आम्लांची असतात. उलटलेल्या माणसात ती उजवी होणार, आणि साधा वरणभात पोटभर खाऊनही त्याची उपासमार होणार. क्लार्कनं हे रचून सांगितलेलं नाही. रेणूंचं डावं-उजवं खरंच असतं. पुदिना आणि बाळंतशेपा आळीपाळीनं हुंगून बघा. दोन्हींतल्या वासाचा मुख्य रेणू एकच, कार्वोन. फक्त एकातला दुसऱ्यातल्याचं आरशातलं प्रतिबिंब. आपल्या नाकाला तेवढा फरक कळतो. म्हणजे मोबियसच्या वाटेनं जाऊन आलेल्या माणसाला पुदिन्याच्या चटणीतून शेपांचा वास येईल.