टायमिंग चेन : बदलावी की थांबावे?

कुंथलगिरीच्या यात्रेस निघण्यापूर्वी टायर, ब्रेक आवर्जून तपासले जातात. इंजिनात दडलेल्या टायमिंग चेनकडे मात्र दुर्लक्ष होते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टचा एक फेरा, हा मेळ ही साखळी राखते. तिच्या पिना झिजल्या की लांबी वाढते व मेळ बिघडतो. थंड इंजिन सुरू होताना क्षणभर होणारा खडखडाट ही बहुधा पहिली सूचना होय.

आवाज आला म्हणजे लगेच खर्च करावा, असे नव्हे. प्रथम ऑइलची पातळी पाहावी, साखळीचा ताण राखणारा टेन्शनर तपासून घ्यावा. झीज सिद्ध झाल्यास मात्र चालढकल नको. अनेक इंजिनांत साखळी दाते चुकली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच निकामी होते. सर्वसाधारण वाहनविमा अशा झिजेची भरपाई देत नाही. मोठा खर्च मजुरीचा असल्याने साखळीसोबत टेन्शनर व गाईडही बदलावेत.

गाडी विकावयाची असल्यास हा दोष ग्राहकास सांगणे हे सत्याणुव्रताचेच पालन. दुरुस्त करून ती अधिक वर्षे वापरणे अपरिग्रहाशी सुसंगत. वेळच्या वेळी ऑइल बदलल्यास साखळी दीर्घकाळ टिकते. येथेही अप्रमाद हाच उपाय.