बापाची पेन्शन, पोराचा हप्ता

विहाराच्या कट्ट्यावर निवृत्त मंडळी बसली की एक तक्रार हमखास कानावर पडते. आम्ही शिपायाच्या नोकरीत चार पोरे शिकवली, बहिणींची लग्ने केली, गावाकडे दोन खोल्या बांधल्या. आजच्या पोरांच्या भिंतीवर पदव्या टांगलेल्या, पण महिनाअखेरीस खिशात दमडी नाही. दोष मोबाईलला, मोटारसायकलला दिला जातो आणि चर्चा संपते. आम्हाला हा निष्कर्ष मान्य नाही. उधळे लोक त्या पिढीतही होते. फरक नोकरीच्या कागदात आहे, आणि तो कागद कोणी बदलला हे विचारले पाहिजे.

बापाचा पगार मोठा नव्हताच. पाचव्या वेतन आयोगात, म्हणजे 1996 पासून, शिपायाचे मूळ वेतन 2,550 रुपयांपासून सुरू होत होते. पण त्यासोबत महागाई भत्ता होता, दरवर्षीची वेतनवाढ होती, भविष्य निर्वाह निधी होता आणि सेवा पूर्ण झाली की शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन होती. अडीअडचणीला खात्याची पतपेढी होती. हप्ता पगारातून परस्पर कापला जाई, सावकाराच्या दारात उभे राहावे लागत नसे. रेल्वे, टपाल, वीज मंडळ, एस.टी., नगरपालिका, संरक्षण खात्याचे कारखाने, येथे आपला नोकरदार वर्ग उभा राहिला. ही कुणाची मेहेरबानी नव्हती, बाबासाहेबांच्या संविधानातील कलम 16(4) चा तो परिणाम होता. अर्थात सर्वांच्याच वाट्याला हे आले नाही. गावातला भूमिहीन मजूर या हिशेबात कधी आलाच नाही, आणि गिरणीतला आपला माणूस 1982 च्या संपानंतर रस्त्यावर आला.

1991 नंतर खाउजा धोरण आले आणि या कागदाची एकेक ओळ खोडली गेली. जुनी पेन्शन केंद्राने 1 जानेवारी 2004 नंतरच्या आणि महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 नंतरच्या भरतीसाठी बंद केली. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात सांगितले की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. 2006 च्या उमादेवी निकालाने रोजंदारीवरच्या लोकांची कायम होण्याची वाट आणखी अरुंद केली. निकालांची भाषा कायद्याची होती, फटका कोणाला बसला ते सांगायला नको. पूर्वी जी झाडलोट, जे टंकलेखन, जी पहारेदारी कायम पदावर होत होती, तेच काम त्याच इमारतीत आज कंत्राटदाराचा माणूस करतो. बिंदुनामावली पदांना लागते. पदच उरले नाही तर आरक्षण कशाला लागू करणार? आरक्षणाला हात न लावता आरक्षण संपवण्याचा हा मार्ग आहे. 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचे ठरले होते. राज्यभर ओरड झाली, तो निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये मागे घेतला गेला. कंत्राटी पद्धत मात्र मागे घेतली गेली नाही.

आता पोराचा हिशेब मांडू. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला 2023 पर्यंत महिना 6,000 रुपये मानधन होते, मग ते 16,000 झाले. याच राज्यात सातव्या वेतन आयोगात कायम शिपायाचे नुसते मूळ वेतन 15,000 पासून सुरू होते, भत्ते वेगळे. म्हणजे डी.एड. करून, पात्रता परीक्षा देऊन पोरगा पहिली तीन वर्षे शाळेच्या कायम शिपायापेक्षा कमी पैसे घरी आणतो. शिक्षणसेवक निदान तीन वर्षांनी कायम होतो. सेट-नेट, पीएच.डी. झालेला मुलगा महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, आणि तास नाही तर पैसा नाही, म्हणजे उन्हाळी सुटीत चूल बंद.

खासगी कंपनीतल्या किंवा कंत्राटदाराकडच्या मुलाचे हाल निराळे. मालकाने भरायचा भविष्य निर्वाह निधीही त्याच्याच पगारातून कापल्याच्या तक्रारी आमच्याकडे नेहमी येतात. प्रस्थापित घरातल्या मुलाची नोकरी गेली तर मागे आजोबांचे शेत असते, दुकान असते. आपल्या बापाच्या हाती पैसा आला तोच घराण्यात पहिला, आणि तो भावाबहिणींना वर काढण्यात संपला. साठवण झालीच नाही. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँक सर्वसाधारणपणे तारण मागते, आणि आपले घर बहुधा अशा जागेवर की त्याचा उताराच नाही. मग पोरगा मोबाईलवरच्या कर्ज ॲपकडे वळतो. पतपेढीची जागा या ॲपने घेतली आहे.

या सर्व घरांना आज कोण धरून ठेवते आहे? बापाची पेन्शन. नातवाची फी, सुनेचे बाळंतपण, पोराच्या गाडीचा हप्ता त्यातून जातो. बाप गेला की आईला साधारणपणे मूळ वेतनाच्या 30 टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. आईही गेली की कमावत्या मुलाला त्यातले काही मिळत नाही. केंद्राने एप्रिल 2025 पासून एकीकृत पेन्शन योजना आणली, पण तीही कायम नोकरीवाल्यांची.

चळवळीचेही तसेच आहे. विसाव्या हिश्श्याची शिकवण नोकरदार वर्गाच्या पगारपत्रकावर चालली. 1978 ला बामसेफ उभी राहिली ती याच कर्मचाऱ्यांच्या बळावर. आज विहाराचे पावतीपुस्तक उघडा, मोठ्या रकमांपुढे पेन्शनरांचीच नावे दिसतील. कंत्राटी मुलाला 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे तरी दिवसाचा पगार बुडतो. त्याच्याकडून बापाइतकी वर्गणी मागणाऱ्यांनी आधी त्याची पगारपावती पाहावी. मुळात त्याला पगारपावती मिळते का, तेही पाहावे.

वकील म्हणून काही गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, वसुलीवाल्याच्या धमकीला घाबरू नये. मात्र चेक किंवा खात्यातून परस्पर जाणारा हप्ता परत गेला आणि नोटीस आली, तर मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. ती नोटीस फ्रिजवर ठेवून विसरू नका. बापाने पोराला जामीन राहताना लक्षात घ्यावे, करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. शासकीय पेन्शनवर मात्र सावकाराला जप्ती आणता येत नाही, 1871 च्या पेन्शन कायद्याचे कलम 11 तसे सांगते. आणि कंत्राटावर राबणाऱ्या मुलामुलींनी हजेरीचा पुरावा, ओळखपत्र, पगार जमा झालेल्या खात्याचा उतारा पहिल्या दिवसापासून जपून ठेवावा. डिसेंबर 2024 मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने कायम करायला लावले. उमादेवी निकालाची ढाल करून माणसे राबवून घेता येणार नाहीत, असेही बजावले. त्यांच्याजवळ वर्षानुवर्षे केलेल्या कामाचा पुरावा होता.