व्याही

मुलीचे वडील आणि तिचे सासरे यांचे परस्परांशी नाते कोणते? इंग्रजीत हे नाते सांगणारा एकच रूढ शब्द नाही. मराठीत मात्र तो आहे. ते एकमेकांचे व्याही होत आणि त्यांच्या पत्नी एकमेकींच्या विहिणी.

'व्याही' या शब्दाचे मूळ संस्कृत 'विवाह' या शब्दात आहे. 'वह्' म्हणजे वाहून नेणे. वधूला माहेराहून नेणे तो विवाह. आणि त्या विवाहाने जोडले जातात ते व्याही.

पुण्यातील खडकी येथे १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. लष्कराच्या या वस्तीत निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे शेजारी नांदू लागली. अशा ठिकाणी याच नात्याची अनेक नावे कानी पडतात. गुजराती माणूस व्याह्याला 'वेवाई' म्हणतो, हिंदी भाषिक 'समधी' म्हणतो, तर तमिळ भाषिक 'संबंधी'. 'वेवाई'चे मूळ विवाहात, तर उरलेल्या दोहोंचे 'संबंध' या शब्दात आहे.

सासरा आणि जावई या नात्यात एक वडील, दुसरा धाकटा. व्याह्यांचे तसे नाही. वरपिता व्याही, तसाच वधूपिताही व्याहीच. रूढीने मात्र वरपित्याला मान दिला आणि वधूपित्याला हात जोडावयास लावले. हुंड्यापायी कित्येक घरे कर्जात बुडाली. अखेर १९६१ साली हुंडा देणे व घेणे हा कायद्याने गुन्हा ठरला. दोन्ही घरे बरोबरीची आहेत, हे या लहानशा शब्दाने मात्र पूर्वीच सांगून ठेवले होते.